व्हायोलाच्या रांगेतली धाकटी

तिला सगळे धाकटी म्हणत. बाविसाव्या वर्षी ती रेकॉर्डिंगच्या वाद्यवृंदात आली तेव्हा व्हायोलाच्या रांगेत सगळ्यात लहान तीच होती, म्हणून कुणीतरी तशी हाक मारली आणि ती कायमची चिकटली. पुढे तिचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तिच्याहून वीस वर्षांनी लहान माणसं रांगेत येऊन बसली, तरी नाव काही बदललं नाही. साठी उलटल्यावरही फोन यायचा, "धाकटी आहे का घरी?" आणि तिचा नवरा शांतपणे सांगायचा, "आहे. वयाने आता थोरली झालीय, पण आहे."

व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. दिसायला तसाच, अंगाने जरा रुंद, आवाजाने खालचा. गाण्यात व्हायोलिनं वर चमकत असतात, चेलो खाली घुमत असतो आणि मधल्या जागेत व्हायोला मुकाट्याने आपलं काम करत असतो. ऐकणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही. काढून घेतला की मात्र गाणं पोकळ वाटायला लागतं, आणि का ते कुणाला सांगता येत नाही. धाकटी खरं तर व्हायोलिन शिकली होती. पण रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये व्हायोलिनवाल्यांची ही गर्दी, आणि व्हायोलाच्या रांगेत एक खुर्ची रिकामी. "जमेल का?" असं विचारल्यावर ती "जमेल" म्हणाली, एक उसना व्हायोला घरी घेऊन गेली, आणि आठ दिवस दार लावून बसली. नवव्या दिवशी कामावर हजर.

तो हॉल मोठा होता. लाकडी जमीन, भिंतींवर जाड पडदे, छतातून लोंबणारे माइक आणि साठ खुर्च्या. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. लाल दिवा लागला की साठ माणसं एकदम श्वास धरत. एकाने चूक केली की साठही जण पुन्हा पहिल्या ओळीपासून. त्यामुळे चुकणाऱ्याकडे कुणी रागाने बघत नसे. बघायची गरजच पडत नसे.

व्हायोलाच्या रांगेत आठ जण. सगळ्यांत पुढे मिशा, त्यांचं बोट वर गेलं की रांग तयार. त्यांच्या शेजारी डॉक्टर, ज्यांनी वैद्यकीचं शिक्षण दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं पण सर्दीपडशाला सल्ला मात्र सगळ्यांना देत. मागे दोन सख्खे भाऊ, एकमेकांशी न बोलणारे आणि एकाच स्टँडवरचे कागद बघून वाजवणारे. त्यांच्यामागे वाजवताना तोंडातल्या तोंडात गुणगुणणारा एक जण आणि पंधरा वर्षं होऊनही 'नवा' म्हणूनच ओळखला जाणारा दुसरा. शेवटच्या स्टँडवर धाकटी आणि तिची जोडीदारीण. तिला सगळे सावकाश म्हणत. ती चालायची सावकाश, बोलायची सावकाश, आणि वाजवतानासुद्धा इतरांपेक्षा केसभर मागाहून यायची. केसभरच. कुणाला पकडता येणार नाही इतकी. पण एकाच स्टँडवर चोवीस वर्षं काढलेल्या धाकटीला ते पाठ होतं. पानं उलटायचं काम धाकटीकडे होतं, कारण सावकाशने पान उलटेपर्यंत गाणं संपलं असतं. हा विनोद सावकाश स्वतःच सांगायची, आणि सांगायलाही वेळ घ्यायची.

काळ कुणासाठी थांबतो थोडाच. आधी एक कीबोर्डवाला आला, त्याच्या पेटीत म्हणे सगळा वाद्यवृंद होता. सगळे हसले. मग साठाच्या तीस खुर्च्या झाल्या, तिसाच्या बारा. आठ व्हायोलांचे चार झाले, चाराचे दोन. मिशांनी हात दुखतो म्हणून काम सोडलं. दोन भावांपैकी एक गेला, तर दुसऱ्याने वाद्यच विकून टाकलं. धाकटी साठ वर्षांची झाली त्या वर्षी हॉल बंद पडला, आणि तिथे फर्निचरचं दुकान आलं. ती एकदा सहज म्हणून आत जाऊन आली. त्यांच्या रांगेच्या जागी एक कोपऱ्याचा सोफा होता. विक्रेत्याने बसून बघा म्हटल्यावर ती बसली, आणि "जरा मऊ आहे" असं म्हणून उठून आली.

पुढची तीन वर्षं काम नाही. सावकाशचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. गुडघ्यांची चौकशी व्हायची, नातवंडांची व्हायची आणि ठेवता ठेवता सावकाश विचारायची, "काही काम-बिम?"

"कुठलं काम," धाकटी म्हणायची. ते तेव्हा खरंच होतं.

मग एक दिवस एका रेकॉर्डिस्टचा फोन आला. चाळिशीचा माणूस, मवाळ बोलणारा. हॉलच्या जुन्या यादीत तिचा नंबर सापडला म्हणाला. एका मालिकेच्या पार्श्वसंगीतासाठी खरा व्हायोला हवा होता. कीबोर्डच्या पेटीतला ऐकून ऐकून संगीतकाराला वीट आला होता. धाकटी काळे कपडे घालून, केस बांधून, वाद्याला नव्या तारा चढवून निघाली.

स्टुडिओ एका चष्म्याच्या दुकानावर होता. जिना चढून गेलं की एक खोली, आणि त्या खोलीत आणखी एक खोली. आतली खोली इतकी लहान, की गज पूर्ण ओढला की टोक भिंतीच्या स्पंजला लागायचं. एक खुर्ची, एक स्टँड, एक माइक. धाकटी दारातच थांबली.

"बाकीचे यायचेत का अजून?"

"कोण बाकीचे, ताई?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवला. त्यात टक्, टक्, टक् असा ठोका वाजत होता, न दमणारा आणि न ऐकणारा. मिशांचं बोट नाही, शेजारच्याचा खांदा नाही. त्या ठोक्यावर वाजवायचं. तिने वाजवलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, छान आहे, पण एकदा ऐकून घ्या. बाहेरच्या खोलीत त्याने बाकी सगळं बंद करून फक्त तिचा व्हायोला स्पीकरवर सोडला.

एकेचाळीस वर्षांत धाकटीने स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. रांगेत बसल्यावर कानावर पडतो तो शेजारच्याचा आवाज. आपला त्यात विरघळलेला असतो, भाजीतल्या मिठासारखा. आता तो एकटा समोर उभा होता. गज बदलताना होणारी खरखर, पट्टीवर बोट सरकल्याचा आवाज, तिसऱ्या ओळीत जरासा खाली गेलेला स्वर, आणि मध्येच खुर्चीची कुरकुर. ती ऐकत राहिली. रांगेच्या आडोशाला बसून आपण इतकी वर्षं काय काय खपवलं, असं तिच्या मनात आलं आणि तिचे कान गरम झाले.

"परत घेऊ या," ती म्हणाली.

"अहो, चांगलंय की. तो एक स्वर मी इथून वर ओढतो." त्याने पडद्यावरची एक रेघ माऊसने उचलली, आणि खरंच स्वर जाग्यावर बसला.

"तो ठेव खाली," धाकटी म्हणाली. "मी वर आणते."

त्या दिवशी तिने ती ओळ अकरा वेळा वाजवली. घरी येऊन मोबाइलमध्ये रेकॉर्ड कसं करायचं ते मुलाला फोन करून विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तासभर स्वर घोटायला बसली, नवशिक्या पोरीसारखी. वाजवायचं, ऐकायचं, पुसायचं, पुन्हा वाजवायचं. तिचा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेलं. तो बाहेरच्या खोलीतून पेपर वाचता वाचता म्हणायचा, "दुसऱ्या ओळीत काहीतरी खुपतंय."

"काय खुपतंय?"

"ते मला काय ठाऊक. मी फक्त खूण करतो, दुरुस्त लेखकाने करायचं."

महिन्याभराने खुपणं बंद झालं. हेडफोनचीही सवय झाली. तो ठोका आधी कानात खिळा ठोकल्यासारखा वाटायचा. मग तिच्या लक्षात आलं, की त्याच्या मागे धावायचं नसतं, त्याला आपल्या शेजारी चालू द्यायचं असतं. रेकॉर्डिस्ट तिला आठवड्याला एकदा तरी बोलवायला लागला. आणि एकदा त्याने तिला तीच ओळ पुन्हा वाजवायला सांगितली. मग पुन्हा. मग पुन्हा.

"काही चुकतंय का माझं?"

"नाही हो. आठ वेळा हवंय. आठ टेक एकावर एक ठेवले की आठ जणांची रांग वाजल्यासारखं होतं."

धाकटीने आठ वेळा वाजवलं. घरी जाताना बसमध्ये तिने मनाशी आठांतून एक वजा केला, आणि उरलेल्या सातांचे चेहरे तिच्यासमोर आले.

मधले काही आठवडे सावकाश लेकीकडे गेली होती, फोन झाला नव्हता. त्या संध्याकाळी तिचा आला. गुडघे झाले, नातवंडं झाली. "काही काम-बिम?"

"कुठलं काम," धाकटी म्हणाली.

तोंडातून गेलं ते गेलं. दुसऱ्या फोनला सांगू म्हटलं, तर पहिल्यांदा का लपवलं ते सांगावं लागलं असतं. तिसऱ्याला आणखी अवघड. असे पाच महिने गेले. फोन वाजला की ती आधी नवऱ्याला उचलायला लावू लागली. नवऱ्याने दोनदा उचलला, तिसऱ्यांदा म्हणाला, "ही चूक मी नाही तपासणार. तुझी तू बघ."

मग तो मोठा तुकडा आला. एका माहितीपटासाठी संगीत होतं, आणि त्यात व्हायोलाच्या रांगेची एक लांबलचक, संथ चाल होती. धाकटीने आठ टेक दिले. रेकॉर्डिस्टने ते एकावर एक ठेवले, ऐकले, कपाळाला आठ्या घातल्या.

"सगळं बरोबर आहे, ताई. स्वर बरोबर, वेळ बरोबर. पण रांग वाटत नाही. एकच बाई जाड झाल्यासारखी वाटते."

धाकटीला हसू आलं, कारण ते अगदी खरं होतं. तिने पुन्हा ऐकलं. आठही टेकमध्ये गज त्याच जागी वळत होता, आवाज त्याच जागी मोठा होत होता, श्वास त्याच जागी. आठ माणसं कुठे अशी वागतात? आठ माणसं आठ जागी थोडी थोडी चुकतात, म्हणून तर ती भरलेली वाटतात.

"थांब जरा," ती म्हणाली. "सगळे टेक पुसून टाक. मी वेगळं करून बघते."

ती आतल्या खोलीत गेली आणि खुर्ची जरा पुढे ओढून मिशांसारखी बसली. मिशा गज तारेवर असा दाबायचे, की पहिला स्वर दार ढकलल्यासारखा यायचा. तिने तसा आणला. पुढचा टेक डॉक्टरांचा: नेटका, कोरडा, प्रत्येक स्वर औषधाच्या मापाने मोजलेला. मग एक भाऊ, मग त्याच्यावर कुरघोडी करायला बघणारा दुसरा. मग गुणगुण्या, मात्र गुणगुण वजा करून. त्याचा आवाज ओळीच्या शेवटी नेहमी हळवा व्हायचा. मग नवा, जो अवघड जागी बिचकून आवाज बारीक करायचा. मग तिचा स्वतःचा. आणि शेवटी सावकाश. त्या टेकला तिने ठोका कानात येऊ दिला, केसभर थांबली, आणि मग गज टेकवला.

बाहेर आली तर रेकॉर्डिस्ट खुर्चीत मागे टेकून बसला होता. त्याने आठही टेक एकत्र सोडले. स्पीकरमधून रांग वाजली. ती रांग. त्यातला एक माणूस जगात नव्हता, एकाकडे वाद्य नव्हतं, आणि एक जण फोनवर काम विचारत होती.

"कसं काय केलंत हे?" रेकॉर्डिस्ट विचारत होता.

"मी नाही केलं," ती म्हणाली. एवढंच सांगून तिने वाद्य पेटीत ठेवलं, आणि घरी न जाता सरळ सावकाशकडे गेली.

सावकाश तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. दार उघडायला तिला नेहमीप्रमाणे वेळ लागला. चहा झाला. धाकटीने पाच महिन्यांचं सगळं सांगितलं: चष्म्याच्या दुकानावरची खोली, एकीचे आठ टेक, फोनवरचं खोटं. शेवटी आजचंही सांगितलं. सावकाश मान खाली घालून कपाच्या कानाशी खेळत होती.

"माझ्यासारखं वाजवलंस?"

"हो."

"दाखव."

धाकटीने पेटी उघडली आणि ती चाल सावकाशच्या ढंगाने वाजवली. सावकाश उठली, पलंगाखालून स्वतःची पेटी ओढली. तीन वर्षं न उघडलेली. तारा सैल पडल्या होत्या, एक खुंटी सारखी घसरत होती. ती लावण्यात पंधरा मिनिटं गेली. धाकटी मदतीला गेली तर सावकाशने हात बाजूला केला.

"तू माझी चेष्टा केलीस," ती म्हणाली. "मी उशिरा येत नाही. ऐक."

तिने वाजवलं. हात ताठरला होता, मधले दोन स्वर सुटले. पण सुरुवात धाकटीने नीट ऐकली. शेजारी साठ माणसं नव्हती, आणि सहा महिने एकटा आवाज ऐकून तिचे कान आता वेगळे झाले होते. सावकाशचा गज बरोबर वेळेवर तारेला लागत होता. फक्त ती आवाज शून्यापासून सुरू करायची. तो उमलायला वेळ घ्यायचा, आणि कानाला कळायचा तो उमलल्यावर. चोवीस वर्षं सगळी रांग त्याला उशीर म्हणत आली होती. धाकटीसुद्धा.

"खरंय," धाकटी म्हणाली. "मला आज कळलं."

"कळलं ना. बरं झालं." सावकाशने वाद्य मांडीवर ठेवलं. "उशीर म्हणा, मला काही वाटत नाही. पण पाच महिने मी विचारत होते, आणि तू कुठलं काम, कुठलं काम करत होतीस. आता जा तू. मी करीन फोन, करावासा वाटला तर."

धाकटी जिना उतरली. दोन दिवसांनी फोन आला नाही. चार दिवसांनीही नाही. आठव्या दिवशी तिने रेकॉर्डिस्टला गाठलं आणि सांगितलं, की यापुढे आठ टेक हवे असतील तर चार तिचे आणि चार दुसऱ्या बाईंचे. नाहीतर तिचा फक्त एकच घ्यावा आणि बाकीचे कीबोर्डमधून काढावेत.

रेकॉर्डिस्ट विचारात पडला. "मला चालेल, ताई. पण तेवढ्याच वेळात व्हायला हवं. जास्त वेळ मला मिळत नाही."

"त्या बाईंना सावकाश म्हणतात," धाकटीने प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

सावकाशचा फोन सतराव्या दिवशी आला. ना गुडघे, ना नातवंडं. "तुझ्या त्या चष्मेवाल्याकडे कुठली बस जाते?" धाकटीने दोन्ही बसचे नंबर सांगितले. "मी रोज वाजवतेय," सावकाश म्हणाली, आणि फोन ठेवला.

पहिला दिवस पार फसला. सावकाशला हेडफोन सहन होईना. कुणीतरी दातांवर टिचक्या मारतंय असं वाटतं, म्हणाली. ठोका ऐकू आला की ती त्याची वाट बघायची, आणि वाट बघण्यात खरोखरच उशीर व्हायचा. पाच टेक वाया गेले. सहाव्याला तिने हेडफोन काढून स्टँडवर ठेवला आणि बाहेर आली.

"माझ्याच्याने होणार नाही हे. उगाच तुमचा वेळ खाल्ला."

रेकॉर्डिस्टने तिला खुर्ची दिली आणि पडदा दाखवला. वर धाकटीचा आवाज होता, खाली सावकाशचा. धाकटीची रेघ भिंतीसारखी एकदम उभी राहत होती; सावकाशची टेकडीसारखी हळूहळू चढत होती.

"खालची जराशी पुढे ओढून बघू का?" त्याने विचारलं, आणि ओढली. वाजवून बघितलं तर आवाज धक्का दिल्यासारखा आला. त्याने ती मुकाट्याने होती तिथे नेऊन ठेवली. "नाही. ही अशीच हवी. आवाज मला हाच हवाय, बाई. फक्त तुम्हाला ठोका कळायला हवा, एवढंच."

मग धाकटी उठली. "हेडफोन मी घालते," ती म्हणाली.

आतल्या खोलीत दुसरं स्टूल मावत नव्हतं, म्हणून स्टँड बाहेर काढला. नाहीतरी चाल सावकाशला पाठ झाली होती. धाकटी वाद्याशिवाय, कानांवर हेडफोन लावून तिच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. ठोका फक्त तिलाच ऐकू येत होता. ती आवाज न करता मान हलवत होती, आणि ओळ सुरू व्हायच्या आधी खांदे उचलून श्वास घेत होती, रांगेत घ्यायची तसा. सावकाश तिच्याकडे बघून वाजवत होती. पहिला टेक अर्ध्यात थांबला, कारण दोघींना हसू फुटलं. दुसरा पूर्ण झाला. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. तिसरा आणि चौथाही झाला. मग धाकटीने जागा बदलून आपले चार दिले, ठोक्यावर, एकटीने.

आठ टेक एकत्र वाजले तेव्हा सावकाशने मान तिरकी करून ऐकलं. "आठ नाही वाटत," ती म्हणाली. "पाच वाटतात."

"दोनाच्या मानाने पाच वाईट नाहीत," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

बाहेर पडल्यावर बसथांब्यावर सावकाशने विषय काढला. "पाच महिन्यांचं मी विसरलेली नाही."

"नकोच विसरू."

"सांगून ठेवते, एवढंच."

पुढे धाकटीने बाकीच्यांनाही विचारून बघितलं. मिशांचा हात आता कपसुद्धा धड उचलत नव्हता. त्यांनी फक्त चालीचं नोटेशन मागवून घेतलं आणि गज कुठे वळवायचा ते पेन्सिलने लिहून पाठवलं. डॉक्टर एकदा आले, खोली बघितली, इथे हवा खेळत नाही असं म्हणून दोघींना खिडकीत बसायचा सल्ला दिला आणि निघून गेले. नवा मात्र टिकला. त्याने स्वतःच्या घरी कपड्यांच्या कपाटात माइक लावला, आणि तो तिथून आपले टेक पाठवतो. म्हणजे आता रांग तिघांची आहे. कामं महिन्याला दोन, कधी तीन. हॉलचे दिवस परत आले असं कुणी म्हणणार नाही, आणि या दोघीही म्हणत नाहीत.

सावकाश हळूहळू एका कानावर हेडफोन ठेवायला शिकली. दुसरा कान ती मोकळा ठेवते. का ते रेकॉर्डिस्टने विचारलं नाही. धाकटी सकाळचा तास अजून चुकवत नाही. नवरा बाहेरून खुणा करतो, आणि कधी कधी, चुकून, काहीच म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात एक काम आहे. कागद कालच आले. व्हायोलाला एकूण एकवीस ओळी, त्यांतल्या चौदा नुसत्या गप्प बसायच्या. सावकाशने फोनवर त्या दोनदा मोजून घेतल्या.

"सात ओळींसाठी दोन बसेस बदलायच्या?"

"हो," धाकटी म्हणाली. "साडेनऊला निघ."

"नऊला निघते," सावकाश म्हणाली.